उजेडाची साखळी

मंडळी, जमीन मोजायची म्हटली की साखळी आठवते. पूर्वी मोजणीदार शंकुसाखळी घेऊन येत. ती ३३ फूट लांब. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब आपल्याला तोंडपाठ आहे. आज आम्ही दुसऱ्याच एका साखळीविषयी बोलणार आहोत. ही साखळी लोखंडाची नाही, उजेडाची आहे. तिचे टोक धरायला माणूस लागत नाही. ती मोटारीच्या टपावर बसते.

या यंत्राचे नाव लिडार. रस्त्याने एखादी गाडी जाते आणि तिच्या टपावर एक गोल डबा दिसतो, तो बहुधा हाच. गाडी गेली की गावात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, फोटो काढून गेले. कोणी म्हणतो, आता जमिनी जाणार. म्हणून हा डबा काय करतो आणि काय करत नाही, ते आपण समजून घेऊ.

डोंगरासमोर उभे राहून हाक मारली की आवाज परत येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक एका सेकंदाने परत आली तर डोंगर किती लांब? सुमारे १७० मीटर. कारण आवाज गेला आणि आलाही. लिडार हेच करते. फक्त आवाजाऐवजी उजेड सोडते.

हा उजेड लेसरचा. तो आपल्याला दिसत नाही. अशा डब्यांतला लेसर डोळ्यांना अपाय होणार नाही इतका मंद ठेवलेला असतो. उजेडाचा वेग मात्र अचाट! एका सेकंदात जवळजवळ ३ लाख किलोमीटर. १५ मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला त्याला सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. एवढा लहान वेळ आतले घड्याळ मोजते. वेळ कळली की अंतर कळते.

या यंत्राची कथा थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २००४ साली वाळवंटात माणसाशिवाय चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. एकही गाडी शेवटापर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आसपास अडकली. त्या शर्यतीत डेव्हिड हॉल नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा कारखाना ध्वनिवर्धकांचा. त्यांनी पुढे ६४ लेसर एकत्र बसवून गरगर फिरणारे लिडार बनवले. २००७ सालच्या शर्यतीत सहा गाड्या शेवटापर्यंत गेल्या. त्यांपैकी पाच गाड्यांवर हॉल यांचे यंत्र होते. बघा, कर्ण्याच्या कारखान्यातून गाडीला डोळे मिळाले!

त्यांच्या व्हेलोडाइन कंपनीने २०१४ साली एक लहान डबा काढला. तो आम्ही उदाहरणाला घेतो. वजन ८३० ग्रॅम, म्हणजे किलोपेक्षाही कमी. आत १६ लेसर. डबा एका सेकंदात ५ ते २० फेरे घेतो. सेकंदाला सुमारे ३ लाख ठिकाणचे अंतर मोजतो, तेही १०० मीटरपर्यंत. तीन लाख ठिपके टिपले की रस्ता, खांब, झाड, घर यांचे ठिपक्यांचे चित्र तयार होते. रांगोळीचे ठिपके जणू! पण यातला प्रत्येक ठिपका मोजलेला असतो.

आता खरी गोष्ट. डबा कितीही चांगला असो, बसवणारा चांगला नसेल तर सारे फुकट. त्या कामाला दिवस लागला तरी चालेल, घाई करू नये.

पहिले काम जागा निवडण्याचे. डबा टपावर उंच बसवावा. खाली बसवला तर गाडीचे बॉनेटच त्याच्या नजरेआड येते. दुसरे काम घट्टपणाचे. डबा जाड पट्टीवर नट-बोल्टने आवळावा. त्याच पट्टीवर आणखी एक यंत्र बसवतात. गाडी किती कलली, किती वळली, हे ते सांगते. चाक खड्ड्यात गेले की गाडी कलते, डबाही कलतो. तो किती कलला हे कळले तरच हिशेबात दुरुस्ती करता येते. म्हणून ही दोन्ही यंत्रे एकाच पट्टीवर हवीत. एक हलले आणि दुसरे हलले नाही, असे होता कामा नये. तिसरी वस्तू उपग्रहाचे संदेश घेणारी तबकडी. ती गाडीची जागा सांगते. तबकडीपासून डबा किती लांब, किती खाली, हे टेपने मोजून संगणकात लिहावे लागते. सगळ्यांची घड्याळेही जुळलेली हवीत. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकले तर चित्र एक मीटर सरकलेच!

गवंडी भिंत बांधताना पाणसळ आणि ओळंबा लावतो. पहिला थर वाकडा गेला तर वरचे सगळे थर वाकडे. इथेही तसेच आहे. काटकोनाचे ९० सारखे भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक अंश. डबा टपावर एकच अंश पिळून बसला आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर काय होईल? रस्त्यालगतचा दगड जवळजवळ जागेवर दिसेल. पण ५० मीटर आतला दगड ८७ सेंटीमीटर सरकलेला दिसेल. म्हणजे दोन हातांना थोडे कमी! रस्त्यापासून आत गेलेला बांध चित्रात तिरका पडेल. ५० मीटरात गुंठ्याचा पाचवा हिस्सा इकडचा तिकडे! अहो, एवढ्याशा जमिनीवरून भावाभावांत बोलणे बंद झालेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

ही चूक पकडता येते. काम सुरू करण्यापूर्वी एकाच रस्त्याने गाडी जाताना एकदा आणि येताना एकदा न्यावी. मग दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवावीत. विजेचा एकच खांब दोन जागी दिसला की समजावे, कोन चुकला. तो सुधारावा आणि पुन्हा फेरी मारावी. शिवाय रस्त्यावर आधीच अचूक मोजलेल्या खुणा असतात, रंगाने काढलेल्या फुल्या असतात. चित्रातली फुली आणि जमिनीवरची फुली जुळते का, ते पाहतात. तेव्हा मंडळी, अशी फुली दिसली तर ती पुसू नका. पोरांनाही सांगा.

डबा रोज पुसावा लागतो. आधी पाण्याने धूळ भिजवावी, मग मऊ कापडाने हलके टिपावे. कोरडी धूळ घासली तर काचेवर चरे पडतात. पावसात, धुक्यात आणि धुरळ्यात काम करू नये हे बरे. उजेड थेंबाला किंवा धुळीच्या कणाला लागून परत येतो आणि नसलेल्या वस्तूचा ठिपका पडतो. साचलेल्या पाण्यावरून उजेड निसटून जातो, तिथे चित्रात भोक राहते. दाट झाडीखाली आणि घाटातल्या बोगद्यात उपग्रहाचे संदेश तुटतात, तिथे चित्र हळूहळू सरकू लागते. आणि शेतात ऊस उभा असेल तर? उसामागचा बांध या डब्याला दिसत नाही. त्याला ऊसच दिसतो.

आता जमिनी जाण्याच्या भीतीकडे वळू. लेसर लावलेल्या गाड्या महामार्गांवर खड्डे, भेगा आणि चाकोऱ्या तपासायलाही फिरतात. त्यामुळे गाडी दिसली की जमीन गेली, असे नाही. दुसरे असे की डबा अंतर मोजतो, मालक ओळखत नाही. बांध कुठे आहे ते तो सांगेल. बांध कोणाचा, ते सातबारा आणि मोजणीचा नकाशा सांगतो. जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून होते. गाडीचे चित्र म्हणजे ती मोजणी नव्हे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे आधी राजपत्रात सूचना काढावी लागते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो. त्यांतले एक लोकांच्या भाषेतले असावे लागते. राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत हरकत घेता येते. हरकत लेखी द्यायची असते, आणि तिच्यात कारणेही लिहायची असतात. सूचनेत गट नंबर आणि क्षेत्र दिलेले असते. ते आपल्या सातबाऱ्याशी बोट ठेवून ताडून पाहा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. तिच्यावर पोच आणि तारीख लिहून घ्या.