जुना संगणक : नवे भाग की नवे यंत्र ?



तालुक्याच्या गावातील एखाद्या माध्यमिक शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. टेबलावर २०१६ साली खरेदी केलेला संगणक आहे. शिक्षकांची वेतनदेयके त्याच्यावरूनच ‘शालार्थ’ प्रणालीत भरली जातात, विद्यार्थ्यांची माहिती ‘यू-डायस प्लस’वर जाते, शाळा सोडल्याचे दाखलेही त्यातूनच निघतात. लिपिक सकाळी कळ दाबतो आणि प्रत्यक्ष कामास आरंभ होईपर्यंत दहा मिनिटे लोटतात. देयक मुदतीत गेले नाही तर पंधरा-वीस घरांतील वेतन लांबते. साहजिकच नव्या संगणकाची मागणी होते, आणि शालेय समिती विचारते की, पैसे आणावयाचे कोठून ? दोघांचेही म्हणणे रास्त असते. मात्र यंत्राचे दुखणे नेमके कोठे आहे, हे बहुधा कोणीच पाहिलेले नसते.

संगणक वयाने म्हातारा होत नाही, त्याच्याकडून अपेक्षिलेले काम वाढते म्हणून तो मागे पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापाने अवघे दहा किलोबाइट. यंत्र बिघडले नव्हते, तरीही गणिते वाढली आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आणावा लागला. तेव्हा पहिला प्रश्न यंत्राच्या वयाचा नसून कामाचा आहे.

तपासणी फुकटात होते. विंडोज प्रणाली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांच्यावरील भार टक्केवारीत दिसू लागतो. नेहमीचे काम चालू असताना हे आकडे पाहावेत. जो आकडा सतत शंभराच्या आसपास राहतो, तेथे अडचण आहे. तिन्ही आकडे कमी असूनही संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष संगणकाचा नाही, इंटरनेट जोडणीचा अथवा पलीकडील यंत्रणेचा आहे. महिनाअखेरीस सर्व शाळा एकाच वेळी त्याच संकेतस्थळावर जातात. अशा वेळी जगातील सर्वोत्तम संगणकही खोळंबूनच राहील.

काही दुखणी तर किरकोळ असतात. पंख्यावर व त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच तारीख चुकते. चुकलेल्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात, आणि त्यापायी संगणक ‘खराब’ ठरतो !

खरी अडचण पुष्कळदा हार्ड डिस्कची असते. सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एक फेरा आठ सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक काळाचा. हवी ती नोंद वाचक टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा आणि ते टोक योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचता येतात, आणि संगणक सुरू होताना अशा हजारो नोंदी वाचाव्या लागतात. लिपिकाची दहा मिनिटे येथे जातात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, फिरणारा भागच नसतो. तेथे एक नोंद साधारणपणे सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिळते. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला जोडता येते. जुन्या यंत्रावर करावयाच्या खर्चांत याएवढा गुण देणारा दुसरा खर्च नाही.

रॅमची गोष्ट निराळी. टेबल लहान असले की लिपिकाला दप्तरे पुन्हापुन्हा कपाटात ठेवावी लागतात. रॅम अपुरी असेल तर संगणक हेच करतो, आणि कपाट म्हणून डिस्क वापरतो. ४ जीबीवर ब्राउझरची पाच-सहा पाने उघडली की हा प्रकार सुरू होतो. ८ जीबी पुरेशी होते. मात्र डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, आणि विंडोज ३२-बिटांची असेल तर ४ जीबीपुढील रॅम तिच्या उपयोगी पडत नाही. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात सहसा पडू नये. जुन्या मदरबोर्डला चालणारा वेगवान प्रोसेसर मिळाला, तरी तोही त्याच पिढीचा असतो.

एवढ्यावर निर्णय झाला असता, पण वेग वाढल्याने संगणक सुरक्षित होत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते, आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच तिच्या यादीत आहेत. ही पिढी २०१७ मधील, आपला शाळेचा संगणक २०१६ चा. ज्या यंत्रात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि शिक्षकांची बँक खाती आहेत, ते सुरक्षा-सुधारणांवाचून इंटरनेटवर ठेवणे सर्वथा अयोग्य होय. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे कारागीर भेटतात. कार्यालयाने त्या वाटेस जाऊ नये.

लिनक्सचा मार्ग आहे, आणि सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली त्यातलीच. तिच्यावर मुद्रणयंत्र, डिजिटल स्वाक्षरीची कळ आणि वेतनाचे संकेतस्थळ ही तिन्ही चालतात की नाही, हे पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून आधी पाहून घ्यावे. चालत असतील तर एसएसडी घालून तोच संगणक काही वर्षे काम देईल. चालत नसतील तर वेतनाच्या कामासाठी नवा संगणक घेणेच इष्ट. मग जुन्यावर रॅमचा खर्च करू नये. एसएसडी मात्र घ्यावयास हरकत नाही, कारण ती पुढे दुसऱ्या यंत्रातही चालते. असा जुना संगणक इंटरनेटविना ग्रंथालयातील पुस्तकांच्या यादीस पुरेसा आहे.

काहीही ठरले, तरी पेचकस हाती घेण्यापूर्वी माहितीची प्रत काढलेली असावी. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले दाखले व नोंदवह्या असतील तर ते फॉन्टही त्या प्रतीत घ्यावेत, अन्यथा नव्या यंत्रावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतील. काढलेली हार्ड डिस्क महिनाभर कपाटात जपावी. त्यानंतर तिच्यातील माहिती विशेष आज्ञावलीने पूर्णपणे पुसावी, केवळ ‘फॉरमॅट’ करून ती नाहीशी होत नाही. निकामी भाग भंगारवाल्यास न देता, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावेत आणि त्याची पोच जडवस्तू नोंदवहीला जोडावी.