जे लिहिलं नाही, ते झालं नाही

(गोंदिया जिल्ह्यातील महिला बचतगटांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘ऑनलाईन मेडिकल कोडिंग शिका, घरबसल्या कमवा’ ही जाहिरात तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मोबाईलवर आली असेल. माझ्याही आली होती. मी ते शिकले, आज त्याच कामावर माझं घर चालतं, म्हणून मला इथं बोलावलंय. पण मधे माझे पैसे बुडाले. तेही सांगायला हवं, नाहीतर ती जाहिरात आणि मी यांत फरक काय?

आधी हे काम काय ते सांगते. अमेरिकेत दवाखान्याचं बिल बहुधा विमा कंपनी भरते. डॉक्टरांनी लिहिलेलं पानन् पान ती वाचत बसत नाही, तिला क्रमांक लागतात. आजाराला एक, उपचाराला दुसरा. आजारांची यादी मुळात जागतिक आरोग्य संघटनेची, तिला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत भर घालून अमेरिकेनं ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. उपचारांची यादी, म्हणजे सीपीटी, ही तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेची, १९६६ पासूनची. डॉक्टरांचं लेखन वाचून क्रमांक शोधायचे, हे कोडिंग. ते लावून पैसे मागायचे आणि नाकारले तर पाठपुरावा करायचा, हे बिलिंग.

अडचण न येता झालेलं बाळंतपण म्हणजे ओ ८०. एक बाळ, जिवंत, म्हणजे झेड ३७.०. बाळ मेलेलं जन्मलं तर झेड ३७.१. शेवटचा आकडा तेवढा बदलतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभी राहिले होते.

माझी आई विड्या वळायची. आपल्या भागात कितीतरी घरं त्यावर जगली. संध्याकाळी ठेकेदाराकडं माल न्यायचा, तो हाताने चाचपून विड्या बाद करायचा. बाद विड्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. मला वाटायचं, मी शिकले, बी.एस्सी. झाले, आता माझा माल कुणी असा बाद करणार नाही. (आता माझ्याही कामाची तपासणी होते. शंभरात पंचाण्णव बरोबर यावे लागतात. आई हसते.)

तर गटातून कर्ज काढून मी २८,००० रुपये एका क्लासला भरले. क्लासचं नाव सांगत नाही. फोनवरच्या मुलीनं सांगितलं होतं, ‘ताई, नोकरी शंभर टक्के, घरूनच.’ वर्ग रात्री आठला, म्हणजे नेमका घरात भाकरी-भाताचा वेळ. फोन घरात एकच, दिराचा. रेंज फक्त गच्चीवर. रोवणीच्या दिवसांत चिखलाचे पाय धुऊन मी गच्चीवर जायची आणि शिक्षक काय बोलतात ते अर्धं ऐकायची.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. शाळा मराठी माध्यमातली, म्हणून आधी घाबरले. पण ते मोठे शब्द तोडता येतात हे कळल्यावर मजा वाटायला लागली. ‘टॉमी’ म्हणजे चिरणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं. आमच्याकडं बाई म्हणते, ‘माझी पिशवी काढली.’ नुसती गर्भपिशवी काढली की अंडाशयंही काढली, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. शरीरावर त्याचा परिणाम वेगळा होतो. आणि का काढली? शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१२ साली सरकारी विम्याच्या कार्डावर, गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. एका ऑपरेशनचे ठरलेले पैसे मिळतात म्हटल्यावर काय होऊ शकतं, ते तिथं दिसलं. आपल्याकडंही महात्मा फुले योजनेत उपचारागणिक ठरलेली रक्कम असते. योजना चांगली आहे, तिचा लाभ घ्या, पण बिल कशाचं निघालं हे वाचता आलं पाहिजे.

सिकलसेलचंही तसंच. डी ५७.१ म्हणजे आजार, डी ५७.३ म्हणजे फक्त वाहक. वाहक मुलगी आजारी नसते. पण आपल्या गावांत ‘तिला सिकल आहे’ एवढं म्हटलं की स्थळ परत जातं. मुलाची तपासणी मागायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आमच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता: जे लिहिलं नाही, ते झालं नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तुम्ही मनानं क्रमांक लावायचा नाही. क्लास संपला, प्रमाणपत्र आलं. कंपन्यांत अर्ज केले, तर त्या विचारत होत्या एएपीसी या अमेरिकन संस्थेच्या सीपीसी परीक्षेबद्दल. माझं प्रमाणपत्र क्लासचं स्वतःचं. मी क्लासला फोन केला, शंभर टक्क्यांचं विचारलं. उत्तर आलं, ‘मॅडम, असं आम्ही कुठं लिहून दिलंय का?’

नियम त्यांनीच शिकवला होता, मी तो फक्त अमेरिकेतल्या पेशंटसाठी आहे असं समजले.

कर्ज गटानं सांभाळून घेतलं, हप्ते लांबवले. दुसरीकडून जुनी पुस्तकं मिळवून मी अभ्यास केला. शंभर प्रश्न, चार तास, पुस्तकं जवळ ठेवता येतात. ७० टक्के लागतात. दुसऱ्या वेळी पास झाले. अनुभव नसला तर नावापुढं शिकाऊ म्हणून ‘ए’ लागतो, तो मलाही लागला. दोन वर्षं नागपूरला खोली करून राहिले, मुलगा सासूबाईंनी बघितला. मग घरून काम मिळालं. म्हणजे ‘घरबसल्या’ खरं आहे, पण ते दोन वर्षांनंतर. आणि बिलिंगमध्ये विमा कंपनीला फोन लावायचं काम असेल तर ते रात्रीचं, तेव्हा तिकडं दिवस असतो. जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत असतात. सोपे क्रमांक आता संगणकही लावायला लागलाय, हेही ऐकून ठेवा.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. त्या यादीत मारहाणीला क्रमांक आहे, टी ७४. नुसता संशय असेल तर टी ७६. मारणारा कोण, त्यालाही आहे, वाय ०७, त्यात नवरा वेगळा मोजलाय. आणि जिन्यावरून पडणं म्हणजे डब्ल्यू १०. डोळ्याभोवती काळंनिळं, हातावर बोटांचे वळ, आणि कागदावर ‘जिन्यावरून पडली’. अशा बाईला डब्ल्यू १० मिळतो. मला समजलं तरी मी काही करू शकत नाही. आपल्या गावात तर जिनाही नसतो, तिथं ती न्हाणीत पडते.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत संस्थेनं २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथं अशा बाईला बाजूला घेऊन विचारतात आणि नोंद करतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांत आहे की वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत त्या बाईला फुकट द्यायची. तिच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या आशाताई इथं बसल्यात, त्यांना विचारते: डॉक्टर ‘काय झालं’ विचारतात तेव्हा उत्तर कोण देतं? नवरा ना? मग त्याला केसपेपर काढायला, चहा आणायला, कुठंही पाठवा. ती बोलेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या म्हणा, आणि निघण्याआधी वाचून बघा.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडं डिस्चार्ज कार्ड असेल त्यांनी आणा, मिळून वाचू. क्लासला पैसे भरायचे ठरवलं असेल तर त्यांनी काय लिहून दिलंय तो कागद आणा. कागदच दिला नसेल, तर पैसे भरायच्या आधी माझ्याकडं या.