खेळाच्या नियमांवर मालकी कोणाची? व्हिडिओ गेम आणि पेटंटचे अर्थकारण

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



बौद्धिक संपदा हा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा औषधे, बियाणे, हळद आणि बासमती यांच्यापाशी थांबते. हे विषय महत्त्वाचे आहेतच. आज मात्र मी एका वरवर पोरकट भासणाऱ्या क्षेत्रातील प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे, कारण पेटंटमागील आर्थिक तर्क तेथे जितका उघडपणे तपासता येतो तितका तो अन्यत्र क्वचितच तपासता येतो. प्रश्न असा : व्हिडिओ गेम ज्या पद्धतीने खेळला जातो, त्या पद्धतीवर एखाद्या कंपनीला पेटंट मिळावे काय?

अलीकडील एका प्रकरणापासून सुरुवात करू. १८ सप्टेंबर २०२४ रोजी निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनी यांनी पॉकेटपेअर या लहान जपानी कंपनीविरुद्ध टोकियो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. पॉकेटपेअरचा 'पालवर्ल्ड' हा खेळ त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आला होता आणि पहिल्या महिन्याभरातच त्याच्या खेळाडूंची संख्या अडीच कोटींवर गेली होती. प्राण्यांची चित्रे पोकेमॉनसारखी दिसतात, अशी ओरड सर्वत्र होती. प्रत्यक्षात दावा चित्रांबाबत नव्हता. तो तीन पेटंटांबाबत होता. गोळा फेकून प्राणी पकडणे, प्राण्यावर स्वार होणे, अशा स्वरूपाच्या खेळपद्धतींशी ती निगडित होती. ही पेटंटे २०२४ मध्येच अर्ज करून मिळवलेली होती. परंतु २०२१ मधील एका मूळ अर्जातून ती विभाजित झालेली असल्याने त्यांची अग्रक्रमाची तारीख मागे जात होती. विरोधकाचा खेळ पाहून झाल्यावर जुन्या अर्जातून त्याला नेमका लागू पडेल असा दावा कोरून काढणे कायद्याने शक्य असते, ही बाब लक्षात ठेवावी.

मागितलेली भरपाई किती? दोन्ही वादींना प्रत्येकी ५० लाख येन आणि त्यावरील विलंब आकार. मूळ रक्कम रुपयांत साठ लाखांहूनही कमी. कोट्यवधी खेळाडू असलेल्या खेळाच्या हिशेबात ही रक्कम नगण्य आहे. खरे शस्त्र होते ते मनाई हुकुमाच्या मागणीचे. निकालाची वाट न पाहता पॉकेटपेअरने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोळा फेकून साथीदार प्राणी बोलावण्याची रीत बदलली आणि मे २०२५ मध्ये प्राण्याला धरून तरंगण्याची रीतही बदलली. म्हणजे पेटंटचा आर्थिक परिणाम न्यायाधीशांनी एक शब्दही लिहिण्यापूर्वी घडून गेला होता.

येथे एक संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. या व्यवसायात खेळपद्धतीला 'मेकॅनिक' म्हणतात. मराठीत मेकॅनिक म्हटले की गॅरेजमधील माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून मी खेळपद्धती हाच शब्द वापरीन. खेळाचे नाव व्यापारचिन्हाने राखले जाते. चित्रे, संगीत, कथा आणि संगणकीय आज्ञावली यांना कॉपीराइट लाभतो. उरतो तो नियम : काय केले असता काय घडते. आपल्या पचिशीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत 'पार्चिसी' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. पण फासे टाकून सोंगट्या घरी नेण्याचा नियम कोणाच्याही मालकीचा झाला नाही, म्हणूनच लुडोसह त्याची अनेक रूपे जगभर पसरू शकली. पेटंटचा वाद या उरलेल्या तिसऱ्या भागाविषयी आहे.

पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातील सौदा आहे. समाज २० वर्षांची मक्तेदारी देतो. त्या बदल्यात दोन गोष्टी अपेक्षित असतात : अन्यथा लागला नसता असा शोध लागावा आणि त्याचे ज्ञान सर्वांसमोर खुले व्हावे. विल्यम नॉर्डहाउस यांनी १९६९ मध्ये पेटंटच्या इष्टतम कालावधीचे जे विश्लेषण केले, त्याचा गाभा हाच आहे की शोधाला मिळणारे उत्तेजन आणि मक्तेदारीमुळे होणारी कल्याणहानी यांचा तोल साधावा लागतो. आता हा तराजू खेळपद्धतीला लावून पाहू.

ज्ञान खुले होण्याचा भाग प्रथम घेऊ, कारण तो चटकन निकालात निघतो. रासायनिक प्रक्रिया कारखान्याच्या भिंतीआड गुप्त ठेवता येते. ती उघड व्हावी म्हणून समाजाने किंमत मोजणे समजण्यासारखे आहे. खेळाचा नियम खेळाडूला पहिल्या अर्ध्या तासातच कळतो. तो कळला नाही तर खेळ विकलाच जाणार नाही. जे आपोआप उघड होते ते उघड करण्याबद्दल मक्तेदारी देणे म्हणजे फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी पैसे मोजणे होय.

उत्तेजनाचे काय? मोठ्या खेळाचा खर्च चित्रकार, प्रोग्रॅमर, चाचणी आणि जाहिरात यांवर होतो. नियमाची कल्पना हा त्यातील लहान अंश असतो आणि बाकी सर्व खर्चाच्या फळाला कॉपीराइटचे संरक्षण असतेच. वॉर्नर ब्रदर्सचा 'शॅडो ऑफ मॉर्डर' हा खेळ २०१४ मध्ये आला. त्यात शत्रू पूर्वीची गाठ लक्षात ठेवतात, बढती मिळवतात, सूड उगवतात. ही 'नेमेसिस' पद्धती समीक्षकांनी वाखाणली. तिचे अमेरिकी पेटंट मिळाले २०२१ मध्ये. हा खेळ पेटंटच्या आशेने निर्माण झाला असे म्हणणे कठीण आहे. पुढील भाग अधिक बोलका आहे. तो खेळ घडवणारा मोनोलिथ हा स्टुडिओ कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला. पेटंटची मुदत मात्र २०३६ पर्यंत आहे. कल्पना जन्माला घालणारा चमू विखुरला आणि इतरांच्या वाटेवरील कुंपण राहिले.

याहून जुने उदाहरण नामको कंपनीचे. १९९० च्या दशकात खेळ तबकडीवरून यंत्रात उतरण्यास बराच वेळ घेत. तेवढ्या वेळात खेळाडूला एखादा छोटा खेळ खेळू द्यावा, या कल्पनेवर नामकोने १९९५ मध्ये अर्ज करून १९९८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळवले. वास्तविक, कॅसेटवर चालणाऱ्या घरगुती संगणकांवर १९८० च्या दशकातच असे छोटे खेळ दिसले होते. तरीही पेटंट मिळाले आणि २०१५ पर्यंत टिकले. न्यायालयात झगडण्यापेक्षा ती सोय वगळणे स्वस्त पडते. त्यामुळे ही कल्पना इतरांच्या खेळांत क्वचितच दिसली. ज्या काळात प्रतीक्षा सर्वाधिक कंटाळवाणी होती, नेमक्या त्याच काळात तिचा उपाय एका कंपनीच्या तिजोरीत होता. मुदत संपल्यानंतर पाच वर्षांत, २०२० च्या सुमारास, जलद साठवण असलेली यंत्रे आली आणि प्रतीक्षाच बव्हंशी संपली. पाठ्यपुस्तकात कल्याणहानी म्हणून जो त्रिकोण आपण काढतो, तो येथे कोट्यवधी लोकांच्या वाया गेलेल्या मिनिटांचा बनलेला आहे. त्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

या क्षेत्रातील नवनिर्मिती एकावर एक रचली जाते, हेही ध्यानात घ्यावे. जेम्स बेसन आणि एरिक मॅस्किन यांनी २००९ मधील आपल्या निबंधात दाखवले की, जेथे प्रत्येक शोध मागील शोधावर उभा असतो तेथे अनुकरण मूळ शोधकालाही लाभदायक ठरू शकते आणि पेटंटमुळे एकूण नवनिर्मिती मंदावू शकते. आपल्या परिचयाचे उदाहरण पब्जीचे. शेवटचा जिवंत राहील तो विजेता आणि मैदान सतत आक्रसत जाते, ही पद्धती पब्जीने २०१७ मध्ये लोकप्रिय केली. पण तिच्याही मागे हौशी मंडळींनी जुन्या खेळांत केलेले बदल होते. या पद्धतीवर कोणाचीही मालकी प्रस्थापित झाली नाही, म्हणूनच पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीला ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच घाटणीचा 'इंडस' हा खेळ बाजारात आणता आला.

आता विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद पाहू. पेटंटला विरोध म्हणजे नक्कल करणाऱ्याला मोकळे रान, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' नावाचा अंकांचा खेळ आला. दोघातिघांच्या चमूने त्यावर चौदा महिने घालवले होते. काही आठवड्यांतच त्याच्या नकला निघाल्या आणि मार्चमध्ये एका इटालियन तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत तयार केलेला '२०४८' जगभर पसरला, तोही विनामूल्य. मूळ निर्मात्यांवर अन्याय झाला नाही काय? माझ्या मते झाला. परंतु प्रश्न असा की पेटंटने तो टळला असता काय? अर्ज मंजूर होण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात. अशा खेळाची बाजारातील भरभराट काही महिन्यांची असते. वकिलांचा खर्च लहान चमूच्या आवाक्याबाहेरचा असतो. शिवाय मोठ्या कंपनीकडे शेकडो पेटंटे असतील, तर एक पेटंट बाळगणारा तिच्याशी तडजोडच करणार. अशा नकलेला आळा घालायचा असेल तर कॉपीराइटचे साधन अधिक नेमके आहे. २०१२ मध्ये न्यूजर्सीच्या संघराज्यीय न्यायालयाने 'टेट्रिस'ची जवळजवळ हुबेहूब नक्कल करणाऱ्या कंपनीला दोषी धरले. नियम मोकळे आहेत, परंतु त्यांचे विशिष्ट दृश्य रूप उचलता येणार नाही, हे तेथील सूत्र होते. 'थ्रीज'ला या सूत्राचाही पुरेसा आधार मिळाला असता असे नाही. संरक्षणातील ही फट मी मान्य करते. ती बुजवण्यासाठी २० वर्षांची मक्तेदारी हे साधन मात्र अवाजवी आहे.

सर्वच पेटंटे निरर्थक, असा याचा अर्थ नव्हे. राल्फ बेअर यांनी दूरचित्रवाणी संचावर खेळ उमटवणारी विद्युतमंडले घडवली आणि त्यांना १९७३ मध्ये पेटंट मिळाले. ते तंत्रज्ञान होते. त्यांच्या पेटंटचा परवाना घेणाऱ्या मॅग्नाव्हॉक्सने अटारीवर दावा लावला आणि १९७६ मध्ये अटारीने परवाना घेऊन तो मिटवला. पुढे १९८० च्या दशकात याच पेटंटांना रद्द ठरवण्यासाठी न्यायालयात झुंजणारी आणि हरलेली कंपनी कोणती? निन्टेंडो! इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

भारतीय कायद्याची भूमिका परीक्षेच्या दृष्टीने नेमकी समजून घ्यावी. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ मध्ये 'शोध नव्हेत' अशा बाबींची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने, जी २० मे २००३ पासून अमलात आली, तीत ३(के) आणि ३(एम) ही उपकलमे आली. ३(के) नुसार गणिती वा व्यापारी पद्धती, केवळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम वगळले आहेत. ३(एम) तर थेट आपल्या विषयाला हात घालते : बौद्धिक कृती करण्याची निव्वळ योजना, नियम किंवा पद्धत, तसेच खेळ खेळण्याची पद्धत, हा शोध मानला जाणार नाही. युरोपीय पेटंट करारातही खेळाच्या नियमांना असेच वगळले आहे. हे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराशी विसंगत आहे काय? नाही. 'तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांतील शोध' असे अनुच्छेद २७ म्हणतो. परंतु शोध म्हणजे काय याची व्याख्या तो करीत नाही.

दार मात्र पूर्ण बंद नाही. '३(के)'मधील 'केवळ' या शब्दावर बराच इतिहास घडला आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने संगणक आज्ञावलीच्या औद्योगिक तांत्रिक उपयोगाला पेटंट देऊ केले होते; संसदेने २००५ च्या कायद्यात ती तरतूद ठेवली नाही. २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने तांत्रिक परिणाम दिसत असल्यास संगणकाधारित शोध सरसकट नाकारू नयेत, असे म्हटले. तत्त्वतः ते योग्यच आहे. धोका असा की खेळाचा नियम शब्दांच्या वेष्टनात येतो. 'गोळा फेकून प्राणी पकडणे' असे कोणी लिहीत नाही. 'संगणकाच्या प्रक्रियकाने खेळाडूच्या आदेशानुसार आभासी अवकाशात वस्तू प्रक्षेपित करणे' असे लिहितात. अमेरिकेत २०१४ च्या अ‍ॅलिस निकालाने अमूर्त कल्पना निव्वळ संगणकावर चढवून पेटंट मिळणार नाही असे ठरवूनही अशी पेटंटे मिळत राहिली ती याच लेखनकौशल्याने. तांत्रिक परिणामाचा मुद्दा '३(के)'मध्ये ग्राह्य धरताना '३(एम)'चा अडसर ढिला होऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तरीही देशातील कायदा आपल्या निर्मात्यांना अर्धेच संरक्षण देतो. पेटंट प्रादेशिक असते. पुण्यात वा हैदराबादेत घडलेला खेळ अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकला जाताच तेथील पेटंटे त्याला लागू होतात. दृक्‌श्राव्य आणि खेळनिर्मितीसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तेथे शिकणाऱ्यांना चित्रांकनाइतकाच हा विषय शिकवला जावा. त्यांच्या हाती असलेले साधन साधे आहे. आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीवर नंतर कोणालाही वैध पेटंट मिळत नाही. आपल्याकडे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कलम २५ खाली कोणतीही व्यक्ती पूर्वहरकत घेऊ शकते; परदेशांतही त्रयस्थांना जुने पुरावे सादर करता येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेंडोला प्राणी बोलावून त्याला लढवण्याच्या पद्धतीवर अमेरिकी पेटंट मिळाले आणि दोनच महिन्यांत तेथील पेटंट कार्यालयाच्या संचालकांनी स्वतःहून त्याच्या फेरतपासणीचा दुर्मीळ आदेश दिला. आधार होता दोन जुन्या पेटंट दस्तऐवजांचा, त्यांतील एक खुद्द निन्टेंडोचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने पालवर्ल्ड वादातील पेटंटांच्याच कुळातील एका अर्जाला नकाराची कारणे कळवली. तीत ज्या जुन्या खेळांचे दाखले होते, त्यांत एक होता २०२० मध्ये आलेला 'क्राफ्टोपिया'. तो पॉकेटपेअरचाच खेळ.