मोबाइलच्या युगातील गावचे वाचनालय

(सोलापूर येथे ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



माहिती खात्यात काम करणाऱ्या माणसाने ग्रंथालयांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आमचा व ग्रंथालयांचा संबंध जुना आहे. शासनाची मासिके, पुस्तिका आणि पत्रके गावात पोहोचत, ती वाचनालयाच्या टेबलावरच. आज तोच मजकूर क्षणार्धात घरोघरच्या मोबाइलवर जातो. “मग साहेब, वाचनालय हवे कशाला?” असे एका सरपंचांनी मला सरळच विचारले. प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

उत्तर मिळाले ते काही महिन्यांनी, त्यांच्याच गावच्या वाचनालयात. दिवेलागणीची वेळ होती. एक तरुण ग्रंथपालबाईंना मोबाइलवर नोकरभरतीची जाहिरात दाखवीत होता. जाहिरातीवर राजमुद्रा होती, पदांची संख्या होती आणि ‘नोंदणी शुल्क’ त्याच रात्री भरावयाचे होते. बाईंनी जाहिरातीत दिलेल्या तारखेची वृत्तपत्रे कपाटातून काढून चाळली. मग संगणकावर त्या खात्याचे अधिकृत संकेतस्थळ उघडले. जाहिरात दोन्हीकडे नव्हती. शुल्क जमा व्हावयाचे होते ते एका खाजगी व्यक्तीच्या खात्यात. मुलाचे वडील सोलापुरात यंत्रमागावर कामाला. ती रक्कम त्यांनी मालकाकडून उचल म्हणून आणलेली होती. ती वाचली.

बाईंनी त्या संध्याकाळी कोणाला पुस्तक दिले नाही. तरीही त्यांनी जे केले ते ग्रंथपालाचेच काम होते, असे माझे मत आहे. बातमी कोठून आली, ती मूळ ठिकाणी आहे का, हे पाहण्याची सवय आणि साधने असलेली दुसरी जागा त्या गावात नव्हती.

ग्रंथालयाचे रूप काळाप्रमाणे पालटते, हे काही नवे नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डेन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांची उभारणी केली. तेथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हेच सांगते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला. आपल्या राज्याचा कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून अंमलात आलेला. या कायद्यान्वये ग्रंथालये स्थानिक संस्थांनी चालवावयाची आणि शासनाने त्यांना वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावयाचे, अशी रचना आहे. ग्रंथालय कराची तरतूद त्यात नाही. परिणामी ‘ड’ वर्गातील वाचनालयाचा संसार काटकसरीचाच असतो, आणि ग्रंथपालाचे मानधन सांगताना संकोच वाटावा इतके असते. सरकारी माणसाने ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता मोबाइलवर काय नाही, ते पाहू. मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर वाचता येतो. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचे दार विद्यार्थ्यांना खुले आहे. परंतु आपले सोलापूर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून येथे कामगारांची वस्ती वाढली. १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. कुर्बान हुसेन तर पत्रकार होते. त्या काळातील स्थानिक पत्रे, कामगारांची हस्तपत्रके, यात्रांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल कोणी दूरदेशीची कंपनी येऊन जतन करणार नाही. ती कोणाच्या तरी माळ्यावर, कोणत्या तरी वाचनालयाच्या खालच्या फळीवर पडून आहेत, आणि वाळवीला चारही भाषा सारख्याच गोड लागतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी एकोणिसाव्या शतकापासूनची संस्था ज्या शहरात आहे, त्या शहराने आणि जिल्ह्याने हे काम अंगावर घेतले पाहिजे.

काम फार खर्चाचे नाही. चांगला मोबाइल, सपाट टेबल आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर सुरुवात होते. पानांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकास नाव, तारीख, भाषा आणि कागद कोणाकडून मिळाला याची नोंद जोडावी. नोंद नसेल तर छायाचित्रांचा नुसता ढीग होतो. शिक्षक बंधूंनी मुलांना घरचे जुने कागद आणावयास सांगावे. मूळ कागद मात्र परत करावा. एक सावधगिरी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. तेव्हा कपाटातील कादंबऱ्या सरसकट मोबाइलवर वाटणे म्हणजे ग्रंथसेवा नव्हे.

आणखी एक गोष्ट. वाचनालयातील संगणकावर लोक शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, पेन्शनचे अर्ज भरू लागले की आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील तेथेच राहून जातो. काम होताच तो पुसला जाईल, हे ग्रंथपालांनी स्वतः पाहावे. ग्रामस्थ विश्वासाने येतात.

पंचायत सदस्यांना माझे मागणे थोडके आहे. वीजबिल, इंटरनेटची जोडणी आणि संध्याकाळी बसणाऱ्या माणसाचे मानधन यांची तरतूद वार्षिक आराखड्यात व्हावी. संगणक देऊन जोडणी न देणे, हा प्रकार मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. तेथे संगणकावर कापड घातलेले असते आणि त्यावर फुलदाणी.

प्रश्न विचारणाऱ्या त्या सरपंचांना मी वाचनालयातील हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि एवढेच विचारले, “वाचनालय बंद किती वाजता होते?” साडेसातला, मी म्हणालो. “यंत्रमागाची पाळी सुटते आठला,” ते म्हणाले, आणि लगेच शिपायाला बोलावून वाचनालयाच्या किल्ल्या कोणाकडे असतात याची चौकशी सुरू केली.