सोडलेल्या चहाचा हिशेब

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



राखेचा बुधवार जवळ आला आहे. आपल्या वर्गात ख्रिस्ती घरची माणसे आहेत, तशी इतर घरचीही आहेत. म्हणून लेंत म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो.

लेंत म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. कॅथलिक मंडळी त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. प्रभू येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. आता कॅलेंडर घेऊन ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजा. ४६ भरतील! मग चाळीस कसे? तर मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. त्या दिवशी उपवास नाही.

या दिवसांत कुणी मटण सोडतो, कुणी चहा, कुणी तंबाखू. आपले हिंदू शेजारी चातुर्मासात काही ना काही सोडतातच, तेव्हा यात कुणाला नवल वाटणार नाही. पण सोडल्यावर जे पैसे वाचतात, ते जातात कुठे? आज आम्हांला त्याविषयी बोलायचे आहे.

पाटी घ्या आणि मांडा. हॉटेलातला चहा दहा रुपयांना धरू. दिवसाला दोन चहा, म्हणजे २० रुपये. चाळीस दिवसांचे झाले ८००. ज्याने चहा सोडला, त्याच्याजवळ ईस्टरला आठशे रुपये असायला हवेत. विचारून पाहा, असतात का? नसतात. चहाऐवजी एक दिवस भजी खाल्ली, एक दिवस मोबाइलमध्ये पैसे भरले, एक दिवस पोराने हट्ट केला. पैसा खिशात राहिला की तो आपली वाट शोधतोच. काही जण तर मटण सोडतात आणि महागाची सुरमई आणतात. ती चवीला चांगली लागते, आमची काही तक्रार नाही. पण त्याला उपवास म्हणायला आमची जीभ वळत नाही.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचे ख्रिस्ती लोकांचे एक फार जुने पुस्तक आहे, दुसऱ्या शतकातले. त्यात उपवासाची रीत दिली आहे. उपवासाच्या दिवशी भाकर आणि पाणी एवढेच घ्यावे. एरवी जे जेवला असता, त्याची किंमत काढावी. ती रक्कम बाजूला ठेवून विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. पाहा, अठराशे वर्षांपूर्वी हिशेब करायला सांगितला आहे!

मुक्तिफौज तुम्हांला माहीत आहे. नगरचे बूथ हॉस्पिटल तिचेच. १८८६ साली इंग्लंडमध्ये त्या फौजेला पैशांची चणचण होती. जॉन कार्लटन नावाचा एक अधिकारी म्हणाला, मी वर्षभर जेवणावरचे पुडिंग सोडतो, त्यातून पन्नास शिलिंग वाचतील. फौजेचे प्रमुख विल्यम बूथ यांना वर्षभर गोडावाचून राहणे जास्तच वाटले. पण कल्पना आवडली. त्यांनी सगळ्यांसाठी एक आठवडा ठरवला, आणि आत्मत्यागाचा निधी सुरू झाला. पुढे जर्मनीत १९५८ साली कॅथलिक बिशपांनी ‘मिझेरिओर’ हे काम काढले. लेंतमध्ये स्वतःच्या ताटातले वाचवायचे आणि दूरदेशीच्या उपाशी माणसांना पाठवायचे. महायुद्ध संपून तेव्हा तेराच वर्षे झाली होती. भूक काय असते, हे त्या लोकांना कुणी शिकवायला नको होते. अमेरिकेत ॲलनटाउन गावी १९७५ साली जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा वाडगा ठेवायची रीत सुरू झाली. वाडगा डोळ्यांसमोर असला की घास घेताना आठवण होते. या वाडग्यातला चौथा हिस्सा त्याच भागातल्या गरिबांसाठी ठेवतात. ही चौथाई आम्हांला फार पटली.

आणि मिझोरामच्या बाया! तिथे १९१० पासून ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. हे लेंतपुरते नाही, बारा महिने चालते. आपल्याकडेही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठमूठ धान्य निघत होते. यातली खुबी ध्यानात घ्या. मूठ निघते ती भात शिजण्याआधी. जेवून उरलेले द्यायचे ठरवले असते, तर किती उरले असते?

एवढे सगळे आम्ही मागे एका वर्गात सांगत होतो. मागे बसलेली एक मजूर बाई उठली आणि म्हणाली, “गुरुजी, चहा मी पीतच नाही. मटण दिवाळी-नाताळाला. दुपारी भाकर-चटणी असते, रात्री कधी असते, कधी नसते. मी काय सोडू?” वर्ग चिडीचूप झाला. मग तीच म्हणाली, “सासूशी भांडण सोडीन म्हणते. पण त्याचे पैसे डब्यात कसे टाकायचे?” सगळे पोट धरून हसले.

हसणे राहू द्या. तिचा प्रश्न खरा आहे. कॅथलिक मंडळीत उपवासाचा नियम अठरा ते साठीच्या आतल्या माणसांना आहे, आणि आजाऱ्याला, गरोदर बाईला, कष्टाचे काम करणाऱ्याला त्यातून मोकळीक आहे. ज्याच्या ताटात आधीच कमी आहे, त्याच्याकडे आणखी मागायचे नाही. घरातल्या पुरुषाने उपवास धरायचा आणि बायकोच्या वाटणीचे दूध बंद करून पैसे टाकायचे, हेही आम्ही पाहिले आहे. ते दान त्या बाईचे झाले, त्याचे नव्हे. आपला चहा सोडा, आपली पुडी सोडा. (पुडीला तर सरकारनेही बंदी घातली आहे, तरी ती मिळते कशी, देव जाणे.)

म्हणून यंदा आपल्या वर्गात डबा ठेवायचा तो असा. नावांची यादी करायची नाही. यादी लागली की ज्याच्याकडे नाही, तो कर्ज काढून टाकतो. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितलेच आहे. सोडलेल्या चहाचे पैसे त्याच संध्याकाळी टाकायचे, आठवड्याचे एकदम नको. ज्याला टाकायचे नाहीत, त्याला कुणी विचारायचे नाही. इतर धर्माच्या मंडळींना वाटले, तर त्यांनीही टाकावे.

पैशांचे काय करायचे? आपल्या वर्गात तीन म्हाताऱ्या माणसांना फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत. ती शिकायला येतात, पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरतात आणि शेजारच्याला विचारून वाचतात. आधी त्यांचे चष्मे. उरेल ते कुठे पाठवायचे, ते सर्वांनी बसून ठरवू.

डबा बिस्किटांचा चालेल, झाकणाला खाच पाडून. किल्ली आमच्याकडे नको. ती बायकांपैकी एकीने ठेवावी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सर्वांसमोर डबा उघडू. मोजायला दोघे बसतील, आणि बेरीज फळ्यावर तो लिहील, ज्याला यंदाच आकडे लिहिता येऊ लागले आहेत.