आकडा नको, आकड्यामागचं गणित दाखवा

मी पंजाबातल्या खरडहून बोलतोय. चंदीगड इथून हाकेच्या अंतरावर आहे. सैन्यातून निवृत्त झालो आणि इथेच स्थिरावलो. आजचा विषय कोरडा वाटेल, पण आहे तुमच्या-आमच्या खिशाचा.

कराचा किंवा अनुदानाचा नियम बदलला, तर कुठल्या घरात किती पैसे येतील आणि तिजोरीवर किती भार पडेल, हे आधीच मोजणारी संगणकीय प्रारूपं असतात. हजारो कुटुंबांची माहिती घ्यायची, प्रत्येकाला नवा नियम लावायचा आणि शेवटी बेरीज करायची. ही कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ गाय ऑर्कट यांनी १९५७ साली मांडली. प्रश्न असा, की अशा हिशेबावर विश्वास कधी ठेवायचा?

महाराष्ट्राचं उदाहरण घेऊ. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. पात्र महिलेला महिना १,५०० रुपये, वर्षाचा खर्च ४६,००० कोटी. एका महिलेचे वर्षाचे होतात १८,००० रुपये. भागाकार करा, सुमारे २ कोटी ५५ लाख महिला येतात. पुढच्या वर्षी, २०२५-२६ साठी, तरतूद झाली ३६,००० कोटींची. तोच भागाकार २ कोटींवर थांबतो.

मग मधल्या ५५ लाख बहिणी गेल्या कुठे? लगेच आरोप करू नका. नमो शेतकरी योजनेचा लाभ घेणाऱ्या महिलेला फरकाचे ५०० रुपयेच मिळतात, त्यामुळे माझा भागाकार ढोबळ आहे. पण मुद्दा नेमका हाच आहे. तुम्हाला-मला घरी बसून भागाकार का करावा लागतो? किती महिला धरल्या, किती वगळल्या, कशाच्या आधारे, हे आकड्याशेजारीच छापलेलं हवं.

आधाराचाही प्रश्न आहेच. या योजनेला कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची अट आहे, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०२२-२३ आणि २०२३-२४ ची मोठी घरगुती सर्वेक्षणं खर्च मोजतात, उत्पन्न नव्हे. अट उत्पन्नाची, माहिती खर्चाची आणि पुरावा रेशनकार्डाचा! या तिन्हींची सांगड ज्यानं घातली, त्यानं ती कशी घातली हे सांगायला नको?

आता माझ्या गल्लीतलं उदाहरण. पंजाबात जुलै २०२२ पासून महिन्याला ३०० युनिट वीज मोफत आहे. बिल दोन महिन्यांचं, म्हणजे मर्यादा ६०० युनिटची. सर्वसाधारण प्रवर्गातल्या घराचा वापर तिच्यावर गेला, की पूर्ण बिल भरावं लागतं. मग माणूस काय करेल? मीटरकडे बघत एसी बंद करेल, किंवा घरात दुसरं मीटर घेता येईल का याची चौकशी करेल. लोक वागणूक बदलतील हे प्रारूपानं धरलंय की नाही, त्यावर खर्चाचा अंदाज पार बदलतो.

तिसरं उदाहरण प्राप्तिकराचं. समजा, २०२३-२४ मध्ये नव्या करप्रणालीत एकाचं साधं करपात्र उत्पन्न ५ लाख, आणि वर शेअर विक्रीचा अल्पकालीन नफा १ लाख. साध्या उत्पन्नावर कर १०,००० आणि नफ्यावर १५ टक्क्यांनी १५,०००. एकूण २५,०००. एकूण उत्पन्न ७ लाखांच्या आत, म्हणून कलम ८७अ ची सूट २५,०००. कर शून्य. ५ जुलै २०२४ पर्यंत विवरणपत्राचं सरकारी सॉफ्टवेअर हेच उत्तर देत होतं. त्या दिवशी सॉफ्टवेअर बदललं आणि नफ्यावरची सूट बंद झाली. त्याच माणसाला उपकरासह १५,६०० रुपयांची मागणी! मधल्या काळात कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला. सूट कुणाला मिळावी हे त्यानं ठरवलं नाही, ते कर अधिकाऱ्यांवर सोडलं. पण सूट मागण्याचा रस्ताच सॉफ्टवेअरनं अडवायचा नाही, असं बजावलं. लक्षात घ्या, कोड लिहिणारा माणूस नकळत कायद्याचा अर्थ लावत असतो. म्हणून तो कोड लोकांना दिसला पाहिजे.

हे अशक्य नाही. फ्रान्सनं २०१६ मध्ये आपल्या प्राप्तिकराच्या हिशेबाचा कोड खुला केला. युरोपीय संघात ‘युरोमॉड’ नावाचं प्रारूप आहे. प्रत्येक देशाचे नियम त्याच्या अहवालात लिहिलेले असतात. प्रारूपाचं उत्तर आणि प्रत्यक्ष सरकारी आकडे शेजारी-शेजारी ठेवून, कुठे जुळत नाही तेही त्यात सांगितलेलं असतं. कुटुंबांची खासगी माहिती मात्र परवानगीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. गुप्त ठेवायचं ते माणसांचं नाव-गाव. नियम आणि गृहीतकं गुप्त ठेवण्याचं काहीच कारण नाही.

सैन्यात योजना मांडताना, शत्रूबद्दल खात्रीची माहिती कुठली आणि आपला तर्क कुठला, हे वेगवेगळं सांगावं लागतं. दोन्हींची सरमिसळ झाली, तर किंमत जवान मोजतो. इथे किंमत मोजते ती यादीतून अचानक नाव गळालेली बाई, जिनं त्या दीड हजारांवर मुलाच्या क्लासची फी ठरवलेली असते.

म्हणून पुढची योजना जाहीर होईल तेव्हा चार प्रश्न विचारा. माहिती कुठली आणि किती जुनी? गृहीतकं कोणती? हिशेब दुसऱ्या कुणाला करून बघता येतो का? आणि वर्षभरानंतर अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना छापणार का? आमदारांना विचारा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. योजना तुमच्या आवडत्या पक्षाची असली, तरीही विचारा. उत्तर चुकलं तर समजून घेऊ, अंदाज चुकतातच. पण गणित झाकून ठेवलं, तर चूक सापडणार कशी आणि सुधारणार कोण?

जय हिंद.