नोंदवहीचा पाया : रुग्णालयांनी मिळून करायचे संशोधन

मोठ्या रुग्णालयात वर्षभरात हजारो रुग्ण उपचार घेऊन जातात. तरीही एखादे औषध खरोखर लागू पडले की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या अनुभवातून सहसा निघत नाही, कारण बरे झालेल्यांपैकी किती जण त्या औषधावाचूनही बरे झाले असते, हे तुलना केल्याखेरीज सांगता येत नाही, आणि तुलनेला पुरतील इतके एकाच अवस्थेतील रुग्ण एका रुग्णालयात ठरावीक मुदतीत क्वचितच मिळतात. यासाठी अनेक रुग्णालयांनी एकच प्रश्न, एकच लेखी आराखडा आणि एकाच पद्धतीची नोंद स्वीकारून केलेल्या अभ्यासाला बहुकेंद्री चिकित्सा-संशोधन म्हणतात. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा, हे अशा अभ्यासात डॉक्टरांच्या पसंतीवर न सोपवता चिठ्ठी टाकावी तसे ठरवले जाते. हीच यादृच्छिक वाटणी. तिच्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे राहतात आणि पुढे दिसणारा फरक उपचाराचा आहे, असे म्हणता येते.

२०२० साली करोनाग्रस्तांचे नातेवाईक, त्या आजारातून बऱ्या झालेल्या प्लाझ्मादात्यांच्या शोधात वणवण करीत असताना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा-उपचाराची अशीच चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्या २३५ रुग्णांपैकी ४४ जणांचा आणि न दिलेल्या २२९ रुग्णांपैकी ४१ जणांचा आजार अठ्ठावीस दिवसांत गंभीर झाला किंवा त्यांचा मृत्यू ओढवला. म्हणजे फरक पडला नाही. एकेका रुग्णालयाच्या वाट्याला सरासरी बाराच रुग्ण आले होते, आणि बारा रुग्णांवरून कोणत्याही डॉक्टरला काहीही ठामपणे म्हणता आले नसते. ज्या उपचारापायी घरेच्या घरे धावत होती तो निरुपयोगी आहे, हे कळणे ही मोठी रुग्णसेवाच होती.

अशा सहकार्याची उभारणी कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महानगरातले नसून सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट, असा त्याचा विस्तार होता. पहिल्या गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्यात पेशींची तपासणी. तिसऱ्यात प्रशिक्षित परिचारिकेने गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहिले. चौथ्या, म्हणजे तुलना-गटात नेहमीची आरोग्यसेवा चालू राहिली. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आठ वर्षांत त्या गटात ३४, तर तुलना-गटात ६४ मृत्यू झाले. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्याजोगी घट झाली नाही. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि विषाणू-चाचणीला प्राधान्य देण्याचा विचार जगभर बळावला.

या मृत्यूंची मोजणी शक्य झाली, ती मात्र अभ्यासाच्या बारा वर्षे आधीच्या एका कामामुळे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी बार्शीत सुरू झाली होती. रुग्ण दवाखान्याची पायरी चढण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. चाचणीचे उपकरण विकत घेता येते. पण कोणत्या वस्तीत कोणत्या घरी कोण आजारी पडले आणि कोण दगावले, याची खात्रीलायक माहिती आणि ती देण्याइतका गावाचा विश्वास वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतूनच मिळतो. या अभ्यासाच्या यशाचे श्रेय त्या अनामिक कार्यकर्त्यांना शास्त्रज्ञांइतकेच द्यायला हवे.

तुलना-गटातील स्त्रियांना तपासणी न देण्यावर पुढे आक्षेप घेतला गेला, आणि तो गंभीर आहे. त्या भागात तेव्हा कोणतीच नियमित तपासणी होत नव्हती, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही; उपलब्ध सेवेच्या अभावाला तुलनेचे माप मानावे का, हे प्रत्येक नव्या अभ्यासात पुन्हा विचारले गेले पाहिजे. चाचणीत सहभागी होणाऱ्यांच्या हक्कांचा हा विषय मध्य प्रदेशाला तर परका नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या औषध-चाचण्यांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहभागींच्या संमतीचे दृक्श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला, आणि २०१९ च्या नियमांनी नीतिसमितीत, म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या मंडळात, किमान सात सदस्य आणि त्यांतील निम्मे संस्थेबाहेरचे असावेत, असे ठरवले.

अशा सहकार्याची साधने याच राज्यातल्या ग्वाल्हेरातही आहेत. तेथे १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, जयारोग्य आणि कमलाराजा ही त्याला जोडलेली रुग्णालये आहेत, आणि २००१ च्या डेंग्यूच्या साथीत विषाणूंचा माग काढणारी संरक्षण संशोधन प्रयोगशाळाही याच शहरात आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीचे रुग्ण येथे येतात. इतके असताना हे शहर दुसऱ्यांनी ठरवलेल्या प्रश्नांना रुग्ण पुरवणारे केंद्र राहू नये. प्रश्न येथूनही निघाले पाहिजेत.

सर्पदंश हा असा एक प्रश्न आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष देशभर एकच असते, आणि त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतून येते. प्रदेशागणिक विषाची घडण बदलते. त्यामुळे चंबळच्या खोऱ्यात ते किती प्रभावी ठरते, हे ग्वाल्हेर, झाशी, सागर येथील रुग्णालयांनी मिळूनच शोधता येईल. सर्पदंश हा नोंदणीयोग्य आजार ठरवण्याची सूचना केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना केली आहे. पण नुसत्या आकड्याने काम भागणार नाही. दंश कोणत्या वेळी झाला, जमिनीवर झोपेत झाला की शेतात, रुग्णालयात पोहोचायला किती तास गेले, पापण्या जड झाल्या होत्या का, काचेच्या कोरड्या नळीतले रक्त वीस मिनिटांनी गोठले की पातळच राहिले, प्रतिविषाच्या किती कुप्या लागल्या, कृत्रिम श्वासोच्छ्वास किती काळ द्यावा लागला आणि तीन महिन्यांनी रुग्ण कामावर परतला का, हे रकाने तिन्ही ठिकाणी सारखे असले पाहिजेत आणि ते भरणारा माणूस पगारी व कायमचा असला पाहिजे. त्याच्या पदाला मंजुरी मिळवणे हे अशा संयुक्त संशोधनाचे पहिले काम आहे. औषधांची तुलना त्यानंतर.